रुसायला जागा नसलेलं खोपटं

घरात भांडण झालं की मी बाथरूममध्ये जाऊन बसते. म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमच्या आमच्या फ्लॅटमध्ये तेवढी सोय आहे. दार आपटायचं, कडी घालायची, नळ सोडायचा आणि डोकं थंड झालं की बाहेर यायचं. हे नवऱ्याला ठाऊक आहे, लेकीला ठाऊक आहे आणि बाबांना तर माझ्या लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणूनच की काय, त्यांनी मला सांगायला नेमकी ही जागा निवडली. डोंगरातलं एका खोलीचं लाकडी खोपटं. आत एक चूल, एक टेबल, दोन बाकं आणि झोपायला फळ्यांचा लांब माचा. बाथरूम नाहीच. संडास बाहेर झाडीत, आणि त्याचं दार इतकं हलकं की आपटलं असतं तर हातातच आलं असतं.

किटली नुकती चुलीवर चढवली होती. पायांतले बूटसुद्धा निघाले नव्हते. बाबा म्हणाले, "हे बघ, मी लग्न करावं म्हणतोय."

मी म्हटलं, "कुणाचं?"

खरंच असं विचारलं मी. वाटलं, भाच्याबिच्याचं जमवताहेत. बाबा सरळ माझ्याकडे बघत म्हणाले, "माझं." आणि मग, मी काही बोलायच्या आत, "टेकडीवर येतात ना त्या, बँकेतून रिटायर झालेल्या. तुला मागे फोटो दाखवला होता."

दाखवला होता. सकाळच्या फिरायच्या ग्रुपचा, दहाबारा म्हातारे आणि मध्ये थर्मास धरून उभ्या असलेल्या एक बाई. मी तो फोटो बघून 'छान छान' म्हटलं होतं आणि पुढच्या मीटिंगला गेले होते. माझी तेरा वर्षांची लेक माच्यावर पाय सोडून बसली होती. ती म्हणाली, "कूल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आई जाऊन तीन वर्षं झाली होती. बाबा आमच्याकडे महिनाभर राहायला आले होते आणि आल्या दिवसापासून एकच सांगत होते, की मला म्युनिकबिनिक काही दाखवू नकोस, इकडच्या डोंगरात एखाद्या झोपडीत राहू या. जन्मभर ते गडांवर भटकले. गुहेत झोपले, देवळात झोपले, कुणाच्या गोठ्यात झोपले. आई कधी गेली नाही. ती दशम्या बांधून द्यायची आणि ते परत येईपर्यंत दर तासाला खिडकीशी जायची. तर म्हटलं, होऊ दे बाबांची हौस. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने हे खोपटं मिळालं. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही तिघंच. खालच्या शेतकऱ्याकडून किल्ली घ्यायची, सामान पाठीवर टाकायचं आणि तासभर चढायचं. पाणी छपरावरून टाकीत पडेल ते. फोन लागत नाही. मला वाटलं होतं चार दिवस शांतता मिळेल. कसली डोंबलाची शांतता!

चिडलेल्या माणसाने एका खोलीत करायचं तरी काय? मी लाकडं आणायला बाहेर गेले. परत आले, पुन्हा गेले. चुलीशेजारी छातीएवढा ढीग झाला. मग पाणी आणलं. मग टेबल पुसलं, खिडकी पुसली, चिमणीचा पत्रासुद्धा पुसला आणि बोट भाजून घेतलं. लेक म्हणाली, "मामा, सेट्झ डिश एंडलिश हिन." म्हणजे, आई, बस एकदाची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं, आणि जर्मनमध्ये ते जास्तच लागतं.

"मी बसलेलीच आहे," मी उभ्याने म्हटलं.

बाबा हसले. मला अजूनच राग आला. रागाच्या भरात कुऱ्हाडीच्या पाठीने आलं ठेचलं आणि चहा केला. आईसारखा, दूध जास्त, उकळून उकळून लाल केलेला, बाबांच्या कपात दोन चमचे साखर. महिनाभर मी त्यांना तस्साच चहा देत होते. आईचा हात माझ्या हातात आलाय असं मला त्या चहापुरतं वाटायचं. बाबा तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

दुसऱ्या दिवशी पाऊस. सकाळी जेवणाचं टेबल मध्ये ठेवून बाबांनी पुढचं सांगितलं. त्या बाईंनी अट घातली होती. मुलीने स्वतः फोन करून 'हो' म्हटल्याशिवाय नाही. मुलीला न विचारता केलेलं काही मला नको, असं म्हणाल्या म्हणे.

"म्हणजे माझ्या गळ्यात," मी म्हटलं. "मी नाही म्हटलं तर मी वाईट."

"तू नाही म्हटलंस तर नाही. मी तुला वाईट म्हणणार नाही."

हे त्यांनी इतकं साधेपणाने म्हटलं की मला भांडताच येईना. आणि भांडायचं तर होतं! परतीचं विमान सहा दिवसांवर आलं होतं, आणि उत्तर न घेता ते विमानात बसणार नव्हते, हे मला स्वच्छ दिसत होतं.

खोपटाच्या वर, रान संपतं तिथे एक बाक आहे. फोन लागतो तो तिथेच. दुपार कलली की बाबा छत्री घेऊन तिकडे निघायचे. गुडघा दुखतो त्यांचा, चढताना दर वळणावर थांबायचे. मी खिडकीतून बघत बसायची. छत्री वर जाताना दिसायची, झाडांत गायब व्हायची, मग अर्ध्या तासाने खाली यायची. रोज ते तिथे जाऊन काय सांगत असतील? 'अजून नाही' हेच ना? एकीकडे वाटायचं, पाय घसरला म्हणजे? दुसरीकडे वाटायचं, आईसाठी कधी एवढे धावलात का हो?

आता खरं काय ते सांगते. मला त्या बाईंचा राग नव्हता. पुण्यातल्या आमच्या ओट्याशी आईच्या जागी दुसरं कुणी उभं राहिलेलं मला सहन होणार नव्हतं. बस, एवढंच. मी तिथे राहत नाही, त्या ओट्यावर वर्षातून पंधरा दिवस स्वयंपाक करते, तरीसुद्धा.

चौथ्या दिवशी ते फुटलं. बाबा कांदा चिरत होते, पोहे करायचे होते. ते म्हणाले, "घर मोठं आहे गं. एकट्याला खायला उठतं." आणि मी म्हटलं, "मग काय, आईची जागा रिकामी झाली म्हणून भाडेकरू ठेवायचा?"

लेकीने वर बघितलं. "मामा!" एवढंच म्हणाली. बाबांनी सुरी खाली ठेवली. चुलीशी जाऊन बसले, आगीकडे बघत. दुपार कलली तरी उठले नाहीत. त्यांची बाकावर जायची वेळ झाली, टळून गेली, छत्री कोपऱ्यातच होती. त्यांनी रागावून ओरडायला हवं होतं, म्हणजे मला परत ओरडता आलं असतं. ते गप्प बसलेले मला बघवेनात. मी खिळ्यावरचा रेनकोट ओढला आणि बाहेर पडले.

तो चढ मी पळतच चढले म्हणायला हरकत नाही. चिखल, पाऊस, कुठे जायचंय ते मलाही ठाऊक नव्हतं, फक्त त्या खोलीत थांबायचं नव्हतं. बाकापर्यंत पोचले तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती. आणि माझ्या खिशात फोन वाजायला लागला. माझा फोन तर खाली टेबलावर होता. तेव्हा कळलं, रेनकोट बाबांचा. दोघांचे रेनकोट एकाच दुकानातले, एकाच निळ्या रंगाचे, मीच आणलेले. वाजत होता तो बाबांचा फोन, आणि त्यावर तोच थर्मासवाला चेहरा.

उचलला मी. का उचलला, कोण जाणे. बोलायला तोंड उघडलं तर नुसती धाप.

"पोचलात का एकदाचे?" पलीकडून आवाज आला. "किती उशीर! जीव टांगणीला लागला इथे. केवढी धाप लागलीय, आधी बसा बघू त्या बाकावर."

मी बसले.

"बोलू नका, दम घ्या. मीच बोलते. हे बघा, तिला परत विचारू नका. आई होती ती तिची. वेळ लागणारच. तुमचे चार दिवस राहिलेत, ते हसतखेळत घालवा तिच्याजवळ. आपलं टेकडीवर भेटणं आहेच की. मला तेवढं पुरे आहे." मग थोडं थांबून, "म्हणजे पुरे नाहीये. पण चालेल."

मला आता बोलायलाच हवं होतं. पण त्या पुढे म्हणाल्या, "आणि त्या चहाचं मनाला लावून घेऊ नका. साखर बंद आहे म्हणून तिला सांगू नका आता शेवटी शेवटी. महिनाभर गोड चहा पोटात गेला म्हणून काही होत नाही. डॉक्टरांची बोलणी मी खाईन. आईसारखा करते म्हणालात ना? मग प्या गुपचूप. लेकीच्या हातचा आहे."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पाऊस होताच, त्यामुळे कुणी बघितलं असतं तरी कळलं नसतं, पण तिथे बघायला होतं कोण?

"काकू," मी म्हटलं, "मी बोलतेय. त्यांची मुलगी."

"अगं बाई!" आणि मग काहीच नाही. फोन कट झाला की काय म्हणून मी स्क्रीन बघितला. नव्हता झाला.

तीन दिवस मनात घोळवलेलं कितीतरी होतं माझ्याकडे. त्यातलं एकही आठवेना. मी विचारलं, "साखर कधीपासून बंद आहे?"

"दीड वर्ष झालं," त्या हळूच म्हणाल्या.

त्यानंतर आम्ही बराच वेळ बोललो. खाली आले तेव्हा मी नखशिखान्त भिजलेली होते. बाबा अजून चुलीशीच बसले होते, लेक त्यांच्या खांद्याला टेकून बसली होती. मी रेनकोट खिळ्याला लावला, भांडं चढवलं, आलं ठेचलं, दूध ओतलं. चहा गाळला आणि बाबांच्या हातात कप दिला.

त्यांनी घोट घेतला आणि थांबले. "साखर विसरलीस."

"नाही विसरले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खिळ्यावरच्या रेनकोटाकडे, मग परत माझ्याकडे. "काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या, तिला विचारू नका."

"मग?"

"मी म्हटलं, विचारून झालंय त्यांचं. आता तारीख तेवढी लवकर कळवा, ऑफिसात उरलाउबचा, रजेचा अर्ज टाकावा लागतो आधी."

"ना एंडलिश," लेक म्हणाली. सुटलो एकदाचे, अशा सुरात.

बाबांनी कप पुन्हा तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली आणलाच नाही.