चोपन्न पायऱ्या आणि खेकड्याची गोळी

मुदत संपलेली औषधं कंपनीला परत करता येतात, किश्श्यांना मात्र परतीचा रस्ता नाही. लालबागच्या आमच्या मेडिकलमध्ये ते वर्षानुवर्षं पडून असतात, आणि कुठलाही खण उघडला की एखादा हाताला लागतोच. आज गुडघ्यांचा खण उघडते.

त्या खणात जास्त खपणारी गोळी म्हणजे ग्लुकोसामाइन. ही साखरेच्याच जातीतली, पण गोड करायच्या कामाची नाही. आपल्या सांध्यांतल्या कूर्चेत ती मुळातच असते. गोळीतली बहुतेक वेळा खेकडे-कोळंबीच्या कवचापासून काढतात. कुणाला गुण येतो, कुणाला येत नाही, डॉक्टरांमध्येही एकमत नाही. पण काहींना ती त्रास देऊ शकते, म्हणून देताना मी तीन प्रश्न विचारते. कोळंबी सोसते ना? डायबिटीस आहे का? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?

*

धुरीकाका गिरणीतून रिटायर झालेले, मूळचे मालवणकडचे. चाळ पाडून टॉवर झाला, तेव्हापासून करी रोडला एकोणिसाव्या मजल्यावर राहतात. रोज सकाळी दुकानाबाहेरच्या बाकावर येऊन बसतात. मी बावन्न वर्षांची झाले, पण त्यांच्यासाठी अजून लहान पोर, ‘चेडवा’च!

डॉक्टरांनी त्यांना ही गोळी तीन महिने घेऊन बघा म्हणून लिहून दिली. कशापासून करतात ते मी सांगितलं, तर काका कपाळाला हात लावून खाली बसले.

“जल्मभर कुर्ल्यो खाल्लंय आणि कवचां फेकून दिलंय! म्हंजे माजे गुडघे मीच कचऱ्यात टाकलंय गो!”

“पण काका, तुम्हाला तर लिफ्ट आहे. गुडघ्यांची एवढी घाई कसली?”

काकांनी समोरच्या जुन्या चाळीकडे बोट केलं. तिथे तिसऱ्या मजल्यावर बाबल परब राहतो. एकाच खात्यात, एकाच पाळीत दोघांनी उभा जन्म काढला, आणि संध्याकाळी कॅरम. चाळीला लिफ्ट नाही. बाबलला उतरवत नाही, काकांना चढवत नाही. दीड वर्षात भेट नाही. रोज बाबल गॅलरीत येतो, काका रस्त्यावरून हात वर करतात, झालं!

“चोपन्न पायऱ्यो,” काका म्हणाले. “तेवड्यापुरते गुडघे दी.”

*

लेलेबाई गिरगावातून इकडे टॉवरमध्ये आल्या. कट्टर शाकाहारी, सुनेनं केलेला अंड्याचा केकसुद्धा शिवत नाहीत. चार महिने गोळ्या घेतल्यावर एक दिवस नातीनं डबीवरचं बारीक अक्षर मोठ्यानं वाचून दाखवलं. बाई तरातरा दुकानात!

“अहो, ऐन चातुर्मासात कोळंबी खाऊ घातलीत मला!”

मी कान पकडले. शाकाहारी आहात का, हा चौथा प्रश्न माझा राहून गेला होता. मग मक्यापासून केलेली, पूर्ण शाकाहारी गोळी काढून दिली. आतला पदार्थ तोच, हेही सांगितलं. बाई शांत होऊन गेल्या.

महिन्यानं परत आल्या. दुकानात कुणी नाही ना बघितलं, आणि काउंटरवर वाकून हळूच म्हणाल्या, “मक्याला तेवढा गुण नाही हो. ते... समुद्राचंच द्या.”

*

गायकवाड हिंदमाताला साड्यांच्या दुकानात. दिवसभर गादीवर मांडी घालून साड्या उलगडायच्या, गुडघे वाजणारच. डायबिटीसही आहे, त्यामुळे दहा वर्षं बिनसाखरेचा चहा. त्यांना हेच औषध पुडीतून येतं. मी शिकवल्यासारखं सांगितलं, “ही एका प्रकारची साखरच असते. शुगर तपासत राहा.”

पहिल्या वाक्यापुढचं त्यांनी ऐकलंच नाही! दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं करून हजर.

“मॅडम, डॉक्टरांनी लिहिलेली साखर म्हणून चहात घातली ना! अख्खा कप खारट!”

पुडीत क्षार असतात, पाण्यातून घ्यायची असते, हे मी परत समजावलं. ते ऐकत होते, पण चेहरा पडला होता. “दहा वर्षांनी हातात चमचा घेतला होता हो,” म्हणाले.

*

एका सकाळी परबांची सून मऊ ब्रश मागायला आली. “मामंजींच्या हिरड्यांतून रक्त येतंय, ताई. दंडावर काळंनिळंही झालंय, कुठे आपटले नाहीत तरी.”

मी लगेच विचारलं, “रक्त पातळ करायची गोळी आहे का त्यांना?”

“हार्टच्या ऑपरेशनपासून आहे. हॉस्पिटलजवळूनच आणतो.”

“नवीन काही सुरू केलंय?”

“नाही... पण सकाळी पिशवीतून काहीतरी वर येतं बघा.”

चाळीत भाजी, पेपर सगळं दोरीच्या पिशवीतून वर ओढून घेतात. आमचे धुरीकाका त्या पिशवीत रोज स्वतःची अर्धी गोळी घालत होते! मी तीन प्रश्न विचारले होते खरे, पण ते काकांना. वरच्या अर्ध्या गोळीला कोण विचारणार?

बाबलला तातडीनं डॉक्टरांकडे नेलं. रक्त फार पातळ झालं होतं. ते काकांच्या अर्ध्या गोळीमुळेच, असं डॉक्टर छातीठोक म्हणाले नाहीत, पण ती त्याच दिवशी बंद करायला लावली. बाबल सावरला.

काकांना मी खूप बोलले. त्यांनी मान वर केली नाही.

“मी एकटो बरो झालंय तर तेका वायट नाय वाटूचा?” एवढंच म्हणाले. मग चार दिवस बाक रिकामा. पाचव्या दिवशी आले आणि उरलेल्या गोळ्या माझ्यासमोर ठेवल्या. “तेका नाय, तर माका पण नको.”

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. माझी शाळेतली मैत्रीण वडाळ्याला राहते. माझे गुडघे ठणठणीत आहेत, आणि मी दोन वर्षांत तिच्याकडे गेलेली नाही.

*

पुढच्याच रविवारी परबांच्या सुनेचा फोन. “ताई, लवकर या. दोघंही जिन्यात बसलेत!”

मी स्प्रे, क्रेप बँडेज, सापडेल ते पिशवीत कोंबून पळाले. दीड मजल्यावरच्या वळणावर धुरीकाका आणि बाबल परब भिंतीला टेकून, पाय पसरून बसलेले. काका सकाळी कुणाला न सांगता खालून चढायला लागले होते. बाबल त्याच वेळी, कुणाला न सांगता, वरून एकेक पायरी बसत बसत उतरायला लागला होता.

शेजारणीनं दोघांच्या हातात चहा दिलेला. बाबलचा दुसरा हात काकांच्या सुजलेल्या गुडघ्यावर. माझ्या पिशवीकडे कुणी बघितलंही नाही.

“अहो, आता एकाला वर न्यायचंय, एकाला खाली,” मी कळवळून म्हटलं. “जाणार कसे तुम्ही?”

काकांनी बाबलकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“कोणाक जावचा आसा?”