गुराबेच्या बरगड्या

एका वाक्यानं मी एका माणसाची नोकरी घालवली, हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

अंबरनाथच्या एका ओतकामाच्या कारखान्यात मी पॅटर्न खात्यात होतो. लोखंडाची वस्तू ओतण्याआधी तिचं लाकडी रूप घडवायचं, हे आमचं काम. पन्नास सालानंतरची गोष्ट. कचेरीच्या दाराशी काचेच्या पेटीत जुन्या मराठी आरमारातली एक गुराब, म्हणजे लढाऊ जहाज, लाकडात करून ठेवावी, असं साहेबांच्या मनात आलं. दीड हात लांब, तोफांसकट, हुबेहूब. नकाशा मी काढला. पण जहाजं बांधलेला माणूस हवा, म्हणून उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातून एक मिस्त्री आणला. कराचीच्या गोदीत जन्म गेलेला, आता बराकीत गोणपाटाच्या पडद्याआड संसार मांडलेला. जहाज नीट उतरलं तर याला कायम करू, असं साहेब माझ्यासमोरच म्हणाले. आमचं खातं केवढं, तर चार बाकांचं, आणि त्यात वर चढायची जागा एकच. मी त्या दिवसापासून त्याच्या हातांकडे बघायला लागलो.

भोंगा झाल्यावर आम्ही दोघं दोन तास थांबायचो. पहिल्याच आठवड्यात खटका उडाला. माझ्या नकाशात आधी कणा, मग बरगड्या, मग त्यावर फळ्या. त्यानं कणा ठेवला आणि सरळ फळ्या चढवायला घेतल्या. आत पोकळ.

"मिस्त्री, बरगड्या कुठायत?"

"साईं, जहाज में पहले चमडी, हड्डी बाद में."

"माणूस आधी हाडांचा होतो."

"आदमी होता होगा. आदमी को पानी में छोडके देखो." आणि हसला. नकाशाकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही.

मला वाटलं, याला येत नाही. दिवस काढतोय. मग वाटलं, येतंय, पण मला मुद्दाम वेड्यात काढतोय. फळ्या मात्र अशा बसत होत्या की सांध्यात नख जाईना. ते तर मला जास्तच खुपलं.

साहेबांनी जुना साग दिला होता. त्यातले रेषा वळलेले तुकडे मी बरगड्यांसाठी बाकाखालच्या खोक्यात वेगळे ठेवले होते. ते कमी व्हायला लागले. मी पेन्सिलीनं खुणा केल्या. खुणा केलेलेही गेले. संध्याकाळी त्याच्या खांद्यावरची पिशवी जड दिसायची. घरी बदलापुरात भाऊ म्हणाला, "कॅम्पात तर सागाला लगेच गिऱ्हाईक मिळेल. तू अजून गप्प कसा?"

मी मिस्त्रीला विचारलं, "वाकडे तुकडे कुठे जातायत?"

रंध्यावरून मान वर न करता तो म्हणाला, "हड्डी घर पे बनती है, साईं. यहाँ टाइम किधर."

एवढं स्पष्ट. मी ते थट्टेवारी नेलं. नेलं म्हणजे, न्यायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलापुढे उभा राहिलो. "लाकूड बाहेर जातंय, साहेब."

"त्याला विचारलंस?"

"विचारलं. उडवून लावतो."

त्याचं वाक्य तेव्हा माझ्या कानात जसंच्या तसं होतं. ते मी सांगितलं नाही. त्याच संध्याकाळी मिस्त्रीला फाटकावर अडवलं आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

चौथ्या दिवशी पहारेकऱ्यानं मला हाक मारली. "तुमचा तो सिंधी हे ठेवून गेला. म्हणाला, साईंच्या जहाजाचं आहे." जुन्या ओढणीत बांधलेलं गाठोडं होतं. आत बरगड्या. एकेकीच्या पोटावर पेन्सिलीनं त्याच्या लिपीत आकडा, आणि मला कळावा म्हणून शेजारी तितक्याच रेघा. काहींवर माझ्याच खुणा अजून शाबूत होत्या. सोबत चिठ्ठी नाही, तक्रार नाही.

मी एकेक आत सरकवली. एकीलाही कानस लावावी लागली नाही. तोवर बोटानं दाबली की जरा लवणारी ती फळ्यांची पोकळी एकदम घट्ट झाली. त्यानं घरी बसून, जहाज समोर नसताना, नुसत्या हाताच्या आठवणीवर ती कापली होती.

साहेब बघायला आले. आत बोट घालून म्हणाले, "हे कधी केलंस?"

"घरी," मी म्हणालो.

डोलकाठ्या आणि शिडं मी चढवली. पेटीखाली पितळी पट्टी लागली, तीवर एकच नाव, माझं. चार वर्षांनी मी खात्याचा मुख्य झालो.

मिस्त्री मला दिसतो. तीन नंबरच्या बाजारात एका दुकानापुढे खाटांचे पाय कापत बसलेला असतो. एकदा नजरानजर झाली तर त्यानं हात कपाळाला लावून "साईं" म्हटलं. तक्रार मी केली होती हे त्याला ठाऊक आहे की नाही, ते मला आजही कळलेलं नाही. तेव्हापासून मी मागच्या गल्लीनं जातो.

साहेब अजून त्याच खुर्चीत आहेत. गुराब दाराशी आहे. मिस्त्रीनं लाकूड चोरलं नव्हतं आणि हे मला तेव्हाच माहीत होतं, एवढं त्या दोघांना समोर उभं राहून सांगणं माझ्याकडून बाकी आहे.