हेर्डीस आणि लोण्याचा थर

‘स्वाला’ बोटीवर कोल्बेइनचा शब्द शेवटचा. वारा फिरो, बर्फ पडो, गळाचा दोर तुटो, त्यानं बोट वळवायची म्हटलं की वळायची आणि नाही म्हटलं की नाही. पण हे राज्य भटारखान्याच्या उंबऱ्याशी संपायचं. उंबऱ्याच्या आत त्याची थोरली बहीण हेर्डीस होती. तिच्यापुढे कप्तानच काय, उत्तरेचं वादळसुद्धा बूट बाहेर काढून आत येईल, असं ग्राउविक गावात लोक म्हणायचे.

हेर्डीस अंगानं आडवी, आवाजानं खणखणीत. पन्नाशी उलटलेल्या खलाशांनाही ती ‘पोरांनो’ म्हणायची आणि तेही मुकाट्यानं पोरं व्हायचे. कुणी बशीत बटाटा ठेवून उठला तर ती काही बोलत नसे. नुसती त्या बटाट्याकडे बघत उभी राहायची. माणूस परत बसून बटाटा संपवायचा.

तिची खरी कीर्ती मात्र केळ्याच्या ब्रेडची. शहाणा माणूस ज्यांच्याकडे बघणार नाही अशी काळी पडलेली, मऊ झालेली केळी ती सोन्यासारखी जपायची. दुपारच्या कॉफीला भट्टीतून ब्रेड निघाला की त्याचा वास थेट सुकाणूपर्यंत जायचा आणि कोल्बेइन सुकाणू दुसऱ्याच्या हाती देऊन जिना उतरायचा. बोटभर जाड काप, त्यावर लोणी, लोण्यावर चीजचा पातळ पापुद्रा. लोणी किती? चावल्यावर त्यात दात उमटतील इतकं. ह्याहून कमी लावणारा माणूस एकतर आजारी असतो किंवा राजधानीतला, रेक्याविकचा, असं आमच्याकडे धरूनच चालतात. कोल्बेइन असे चार काप खायचा. कधी पाच. पाचवा काप त्याच्या हिशेबात नसायचा, कारण तो उभ्यानं खाल्लेला असायचा.

शरदात एकदा बोट धक्क्याला लागलेली असताना तो भटारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला.

“आल्फ्रूनकडे गेलो होतो,” तो म्हणाला. आल्फ्रून म्हणजे गावची डॉक्टर.

“मग?”

“साखर.”

“किती?”

“पुष्कळ. वजनही. वसंतातल्या तपासणीपर्यंत उतरलं नाही, तर समुद्रावर जायचा दाखला देणार नाही म्हणते.”

कोल्बेइनच्या मानानं हे वर्षातलं सगळ्यात लांब भाषण होतं. हेर्डीस फटकन म्हणाली, “मग बस किनाऱ्यावर लोकरीचे मोजे विणत!” पण पिठातला तिचा हात पिठातच राहिला. त्यांच्या बापाला गुडघ्यांनी असंच किनाऱ्यावर आणून बसवलं होतं. खिडकीत बसून तो दुसऱ्यांच्या बोटी जाताना बघायचा आणि बघता बघता दोन हिवाळ्यांत संपला. गुडघ्यांखेरीज दुखणं असं काही नव्हतंच. कोल्बेइन त्याच मातीचा. साखर राहिली तर साखर त्याला नेईल आणि किनारा मिळाला तर किनारा नेईल, हे हेर्डीसला स्वच्छ दिसलं. ती घाबरली. आणि घाबरली की ती जे करायची तेच तिनं केलं. तिनं भांडी काढली.

पुढच्या फेरीत टेबलावर जो ब्रेड आला त्यात साखर नव्हती, तेल नव्हतं, मैदा नव्हता. कोंडा होता, राय ह्या धान्याचं पीठ होतं, ओट होते आणि हेर्डीसचा निर्धार होता. इंजिनवाला ब्यार्टमार, ज्याची जीभ त्याच्या इंजिनाहून जास्त चालायची, त्यानं काप उचलला, टेबलावर ठोकून पाहिला आणि विचारलं, “हेर्डीस, हा खायचा आहे की दोराला बांधून तळाशी सोडायचा आहे?”

“खायचा आहे.”

“नाही, नांगर जुना झालाय म्हणून विचारलं.”

“तुझे दात जुने झालेत. खा!”

तिच्या तोंडावर अन्नाला नाव ठेवण्याची छाती कुणाचीच नव्हती, त्यामुळे सगळ्यांनी खाल्ला. पण कोरडा घास घशाखाली उतरायला वंगण लागतं. लोण्याचा थर दुप्पट झाला, चीजचे पापुद्रे तिप्पट झाले. फेरीभराचं लोणी निम्म्या फेरीत संपलं. आणि तरीही प्रत्येक वेळी अर्धा ब्रेड उरायचा तो उरायचाच. टाकून द्यायचा? अन्न टाकणाऱ्या माणसाला आमच्याकडे मासे वासावरून ओळखून टाळतात म्हणे. मग तो अर्धा ब्रेड भट्टीपाशी उभं राहून, कॉफीत बुडवून, वर चांगलं लोणी लावून, हेर्डीसच संपवायची.

ती हटणारी नव्हती. साखर गेली तिथे मध आला. मधही शेवटी साखरेचाच भाऊ, असं आल्फ्रून म्हणाली, म्हणून मध गेला आणि खजूर आला. एकदा किसलेलं गाजर आलं. एकदा वाटलेला राजमा आला, त्या दिवशी डेकवर कुणी कुणाच्या मागं उभं राहायला तयार नव्हतं. राजम्याचा उरलेला सगळा ब्रेड एकट्या हेर्डीसच्या वाट्याला आला आणि तिनं तो तीन दिवसांत निकालात काढला. शेवटी तिनं स्कीर म्हणतात ते दाट आंबट दही घातलं, खजूर कमी केला, केळी आणखी काळी होऊ दिली, थोडी दालचिनी टाकली आणि एका दुपारी भट्टीचं दार उघडलं तेव्हा जुना वास आला. ब्रेड मऊ होता. गोड होता. खरंच चांगला होता. ब्यार्टमारनं विनोद न करता दुसरा काप घेतला, ह्याहून मोठं प्रशस्तिपत्र त्या बोटीवर नव्हतं.

“आता लोणी लागणार नाही,” हेर्डीस समाधानानं म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनी लोणी लावलं. कोल्बेइननं तर दोन्ही बाजूंनी लावलं.

त्या फेरीच्या शेवटी तिनं भावाला मासे तोलायच्या वजनकाट्यावर उभं केलं. बाकीचे ताबडतोब गोळा झाले. ब्यार्टमार काट्याचा आकडा वाचायला वाकला आणि अदबीनं म्हणाला, “कप्तान, असंच मोजायचं की आतडी काढून?”

“वाच,” कोल्बेइन म्हणाला.

वजन उतरलं तर नव्हतंच, एका चांगल्या कॉडमाशाएवढं वाढलं होतं. कोल्बेइन काट्यावरून उतरला आणि काही न बोलता वर निघून गेला. त्याचं ते न बोलणं नेहमीचं नव्हतं. हेर्डीसला ते जिन्याच्या पायरी-पायरीवर ऐकू आलं.

मग तिनं टोकाचं पाऊल उचललं. बोटीवर लोणीच आणलं नाही. खलाशी काही बोलले नाहीत, आणि तिनं तिथेच ओळखायला हवं होतं की कुठंतरी पाणी मुरतंय. दुसऱ्या दिवशी दुपारी साऱ्या बोटीत लोणी कढल्याचा घमघमाट सुटला. सुकाणूपासून शीतखोलीपर्यंत. हेर्डीस नाकाच्या मागोमाग गेली ती थेट इंजिनखोलीत पोचली. ब्यार्टमारनं सगळ्यांच्या वर्गणीचं लोणी आपल्या जाड बुटांत लपवलं होतं आणि ते बूट गरम नळ्यांच्या मागे ठेवले होते.

“तू इंजिनवाला ना रे?” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. “इंजिन गरम होतं हे तुला कुणी सांगितलं नाही?”

“घाईत लक्षात आलं नाही गं.”

“आता बूट चाट.”

“एक चाटलाय,” ब्यार्टमार म्हणाला. “दुसऱ्याला ब्रेड मिळेल का?”

त्यावर ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. पण हसून झाल्यावर डोळे पुसताना ते नुसते हसण्यानं ओले नव्हते. पुढच्या फेरीत लोणी टेबलावर परत आलं. माणसांना उपाशी ठेवता येतं, पण बिनलोण्याचं ठेवता येत नाही.

मग भर हिवाळ्यात एक वादळ आलं. बोट अशी आडवी झाली की फळीवरची खोकी सुटली आणि ब्रेडच्या लांबट साच्यांवर पडून त्यांचा चपटा पत्रा झाला. वादळ ओसरल्यावर हेर्डीसला सापडला फक्त वाढदिवसाच्या केकचा गोल साचा. पीठ तर कालवून ठेवलेलं. तिनं ते त्यातच ओतलं आणि निघालेल्या गोलाचे तिकोनी तुकडे करून ताटात मांडले.

“आज कुणाचा वाढदिवस?” ब्यार्टमारनं विचारलं.

“कुणाचा नाही. गप खा.”

“बघा! बाई शेवटी ताळ्यावर आली,” तो बाकीच्यांना म्हणाला. “ते आरोग्य-बिरोग्य गेलं समुद्रात. केक दिला आपल्याला!”

अरे मूर्खा, हा तोच ब्रेड आहे, असं म्हणायला हेर्डीसनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिची नजर लोण्याच्या भांड्याकडे गेली होती. भांडं टेबलाच्या मधोमध होतं, सुरीही होती, पण एकाचाही हात तिकडे जात नव्हता. सगळे तुकडे बोटांनी उचलून तसेच तोंडात टाकत होते. कोल्बेइनसुद्धा. आमच्या माणसाला ब्रेड दिसला की हात आपोआप लोण्याकडे जातो, त्यासाठी ना भूक लागते ना विचार. पण केकला लोणी लावणारा माणूस ह्या खाडीच्या काठी अजून जन्माला यायचा आहे.

हेर्डीस मूग गिळून बसली. गावात साच्यांचं दुकान होतं, पण ती त्याच्यासमोरून अशी चालायची की जणू ते मासळीबाजाराइतकं वास मारतंय. उरलेला सगळा हिवाळा ‘केक’ होत राहिला. आधी मधोमध फार फुगला, मग थोडा चपटा झाला, मग त्यावर अक्रोड आले. ज्या पिठात काही फसलं, ते तिच्याच पोटात गेलं. खलाशी म्हणायचे की हेर्डीस अखेर माणसात आली. कोल्बेइनच्या पट्ट्याला मात्र नवी भोकं पाडावी लागली, आणि जिना चढताना त्याच्या छातीचा भाता वाजायचा थांबला.

वसंतात बोटीवरचे सगळे तपासणीला गेले. कोल्बेइन आल्फ्रूनच्या खोलीतून बाहेर आला तो दाखला हातात धरून, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. त्याला ते नीट जमत नसल्यामुळे खलाशी आधी घाबरले, मग त्यांनी त्याची पाठ इतकी बडवली की आल्फ्रूनला बाहेर येऊन ओरडावं लागलं.

“हेर्डीस, आता तू,” ती म्हणाली.

“माझं काय बघायचंय? मी तर भटारखान्यात असते.”

“भटारखाना बोटीवरच आहे ना? ये.”

ती आत गेली आणि लवकर बाहेर आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात दाखला नव्हता.

“साखर,” ती भावाला म्हणाली.

“किती?”

“तुझी होती त्याहून जास्त.”

हसायलाच हवं होतं, आणि ब्यार्टमार हसायला लागलाही होता, पण कोल्बेइननं त्याच्याकडे पाहिलं तसा तो थांबला. सगळ्यांना एकाच वेळी उमगलं. कोंड्याचे, मधाचे, गाजराचे, राजम्याचे ते अर्धे-अर्धे ब्रेड, वर चांगलं लोणी लावून, कोण खात होतं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कप्तानाला काट्यावर चढवताना सारी बोट गोळा झाली होती. तिला काट्यावर चढवायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. साखर आटोक्यात येईपर्यंत हेर्डीस किनाऱ्यावर राहणार होती, आणि ‘स्वाला’ तिच्याशिवाय निघणार होती.

निघायच्या दिवशी सकाळी ती आपल्या स्वयंपाकघरात बसून होती. खिडकीकडे तिनं मुद्दाम पाठ केली होती. कोल्बेइन आला. बूट काढले. हातातलं पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी त्यानं टेबलावर ठेवलं आणि पंचा उलगडला. आत करडा, बसका, एका कडेला जळलेला एक ठोकळा होता. अजून वाफ येत होती.

“हे काय?”

“केळ्याचा ब्रेड. साखर नाही त्यात.”

“तू केलास?”

“मग काय समुद्रानं केला?”

हेर्डीसनं बोटानं दाबून पाहिलं. बोट आत गेलं नाही. “सोडा घातलास?”

कोल्बेइन विचारात पडला. “सोडा घालायचा असतो?”

तिनं काप कापून बशीत घेतला, कापायला तिला उभं राहावं लागलं. लोणी फळीवरच होतं, पण तिनं तिकडे पाहिलं नाही. पहिला घास बराच वेळ चावला.

“चांगला झालाय,” ती म्हणाली.

“खोटं बोलू नकोस.”

“भयंकर झालाय. पण दुसरा काप दे.”

कोल्बेइननं ब्रेड पंच्यासकट आपल्याकडे ओढून घेतला. “पुरे. एकच.”

“काय?”

“एकच काप. आल्फ्रूनला विचारून आलोय.” त्याचा आवाज एकदम चढला. “सगळा हिवाळा माझ्या ताटात डोळे घालून उभी होतीस! तुझ्या ताटात कुणी बघायचं? बापाला घालवला, आता तुला घालवू? मी परत येईन तेव्हा तुला काट्यावर उभी करणार आहे, आणि सगळ्यांसमोर!”

एवढं बोलून तो दमला आणि पंच्याच्या टोकाशी चाळा करत बसला. धक्क्यावरून ब्यार्टमारनं दोनदा भोंगा वाजवला तरी तो उठला नाही.

हेर्डीस रिकाम्या बशीकडे बघत राहिली. आयुष्यभर तिनं माणसांना वाढलं होतं, अजून घे म्हटलं होतं, आग्रह केला होता, दटावलं होतं. तिला स्वतःला जेवताना आजवर कुणी पुरे म्हटलं नव्हतं. ते किती बरं वाटतं हे तिला माहीतच नव्हतं. तिनं हात मांडीवर ठेवले आणि दुसरा काप मागितला नाही.