दर हंगामाला नवं फ्रेमवर्क

सोमवारी दुपारी माझे यजमान गेले. मी वाचनालयात होते. शेजाऱ्यांचा फोन आला. घरी आले तेव्हा कॉम्प्युटर चालू होता.

भेटायला येणारे विचारत, "सर काय करून राह्यले होते एवढ्यात?" मी सांगे, प्रोग्राम. त्यापुढे काय विचारावं हे कोणाला सुचत नसे, आणि ते बरंच होतं.

बाभुळगावात आमचा कॉम्प्युटर क्लास होता. कापसाची ती पडती वर्षं. क्लासला पोरं कमी, यांच्याकडे वेळ भरपूर. गावाबाहेरच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या शेटजींना काट्यावर गाडीचं वजन घेऊन पावती काढणारा प्रोग्राम हवा होता. आपला प्रोग्राम त्या काट्यावर चालताना बघायचा, एवढी एकच हौस यांनी आयुष्यात धरली.

आधी पडद्यावर नुसती खिडकी उभी करायलाही हे पानंच्या पानं लिहीत. मग कळलं की फ्रेमवर्क म्हणून एक सोय असते. खिडक्या, बटणं, मेन्यू दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले. आपण फक्त आपलं काम त्यात भरायचं. काम सोपं होणार म्हणून त्या दिवशी घरात शिरा झाला. आता फक्त फ्रेमवर्क निवडायचं उरलं होतं.

हे शेतकऱ्याच्या घरचे. आमच्याकडे कपाशीचं बियाणं निवडायची रीत अशी, की कृषी केंद्रात उभं राहून बाकीच्यांनी यंदा काय नेलं ते विचारायचं. वाण संकरित, त्यामुळे घरचं बी पेरायचं नाही. दर हंगामाला नवी थैली. यांनी तेच केलं. मृग लागायच्या सुमारास नागपूरच्या मित्राला फोन जाई, "यंदा काय चालून राह्यलं बे?" तो सांगेल ते फ्रेमवर्क घरी येई, आणि आधीचं लिहिलेलं बाजूला ठेवून हे पुन्हा पहिल्या खिडकीपासून सुरुवात करत. कमी मेहनतीचं आश्वासन प्रत्येकावर असे. थैलीवरही असतं.

"जुन्यातच पावतीपर्यंत जा नं," मी म्हणे.

"अवं, मागच्या सालचं बी कोणी पेरते काय?"

शेटजी रस्त्यात भेटले की हसत. "सर, तुमचा प्रोग्राम म्हणजे कापसाचा भाव. येते येते म्हनते, येत नाही."

"यंदा पक्का, शेटजी."

तेरवीला शेटजी आले. जेवण झाल्यावर मला म्हणाले, "बाई, नागपूरवाले तयार प्रोग्राम देऊन राह्यले होते. म्या घेतला नाही. सरांचाच लावाचा होता. जसा असन तसा द्या."

मी कॉम्प्युटर लावला आणि सगळे प्रोग्राम त्यांना एकेक करून दाखवले. शेटजींनी एका खिडकीत स्वतः वजन भरून पाहिलं. मग म्हणाले, "दिसते चांगलं."

क्लास आता बंद आहे. प्रोग्राम तीन आहेत. तिन्हींत खिडकी उघडते, वजन भरता येतं. पावती एकातूनही निघत नाही.