धाबळीच्या आत

वैशाखात सोलापूरची माणसं ओला पंचा अंगावर टाकून दुपार काढतात. त्या उन्हाळ्यात मी सोळा वर्षांची होते आणि मला थंडी वाजत होती. समोर चूल पेटलेली, अंगाभोवती लोकरीची धाबळी, तरी नखं निळी. सोवळ्याचा स्वयंपाक धाबळी नेसूनच करायचा असतो, म्हणून तिच्याकडे कोणी संशयाने पाहिलं नाही. उलट माझं कौतुकच चाललं होतं.

सुरुवात पुस्तिकांपासून झाली. वडील कचेरीत कारकून. येताना ते देशसेवेच्या, आत्मसंयमाच्या पातळ पुस्तिका आणत आणि मी त्या अधाशासारख्या वाचून काढी. माझी शाळा सोडवली होती, स्थळं पाहणं चालू होतं, सभेला जायची परवानगी नव्हती. पुस्तिका सांगत, जिभेला जिंकलं की जग जिंकलं. जग काही माझ्या हाती लागणार नव्हतं, जीभ होती. आधी चहा सोडला, मग साखर, मग तूप, मग रात्रीचं जेवण. घरानेही प्रत्येक सोडण्याला एकेक निमित्त पुरवलं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. मुलगी उपाशी राहते म्हटलं असतं तर सगळे घाबरले असते. ती उपास करते म्हटल्यावर शेजारणी आपापल्या मुलींना माझा दाखला देऊ लागल्या.

मग माझं महिन्याचं बाजूला बसणं थांबलं. असल्या गोष्टी छापू नयेत असं सांगणारे पुष्कळ आहेत. त्या कोणी छापत नाही म्हणून आमच्या पोरी मुकाट्याने मरतात, म्हणून मी लिहिते. आमच्या घरात विटाळशी बाईने चुलीपाशी जायचं नाही, कशाला शिवायचं नाही. आई बाजूला बसली की वडील कचेरीतून दमून येऊन भात टाकीत. आता घरात महिनाभर शुद्ध असलेली एक मुलगी होती.

आईने एकदा विचारलं, "तुझं काय गं? बरेच दिवस बसली नाहीस."

"नाही," मी म्हटलं.

ती जरा घुटमळली. पण चैत्रगौरीचं हळदीकुंकू तोंडावर आलं होतं. "बरं, या खेपेला स्वयंपाक तूच कर मग," ती म्हणाली.

मी केला. आंब्याची डाळ कालवली, पुरण वाटलं, आग्रह करकरून वाढलं. उपाशी माणसाला अन्नाशिवाय दुसरं काही सुचत नाही. दुसऱ्याच्या तोंडात घास जाताना पाहून मला धाप लागे. सोवळ्यातल्या बाईला कोणी शिवत नाही, त्यामुळे माझ्या बरगड्या कुणाच्या हाताला लागल्या नाहीत. रांधणारी सगळ्यांच्या मागून जेवते, त्यामुळे माझं पान कुणी पाहिलं नाही. ते परसातल्या गाईपुढे जाई. कधी कधी मला खरंच जेवायचं असे. भात कालवून घास उचलावा, तर हात ओठांपाशी येऊन थांबे आणि डोक्यात कोणी तरी पुस्तिकेच्या भाषेत धमकावू लागे. हा कोट मीच बांधला होता. दार कुठे ठेवलं होतं, ते मला सापडत नव्हतं.

फणीत केसांचे पुंजके येऊ लागले. हातांवर बाळासारखी लव उगवली, पावलं सुजली. वैद्यबुवांनी अपचनाचं निदान करून लंघन सांगितलं. मला वाटलं, देवच माझ्या बाजूने उभा राहिला.

जेठात आत्या अक्कलकोटहून आली. प्रवासाच्या लुगड्यानेच हात पसरून ती स्वयंपाकघराशी पोचली. "बा इल्ली, इकडे ये की गं."

"आत्या, शिवू नकोस. सोवळ्यात आहे मी."

"बरं बाई, भटजी झालीस. नवरा तरी शिवलेला चालेल का गं तुला?"

मी हसले, आमटीचं पातेलं घेऊन उठले आणि डोळ्यांपुढे काळं झालं. शुद्धीवर आले ती आत्याच्या मांडीवर. आई दारात उभी होती.

"वन्सं, शिवलात ना तिला? सगळा स्वयंपाक गेला."

"जाऊ दे की तो. वहिनी, हिला उचलून बघा आधी. कडब्याची पेंढी जड असते हिच्यापरीस."

आईने धाबळी बाजूला करून माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मणक्यावरून खाली गेला आणि थांबला. त्या दिवशी घरात कोणीच जेवलं नाही.

बायकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नाडी बराच वेळ धरून ठेवली. "फार मंद चालते आहे. शरीर आता हिच्या हृदयाचं मांस खातं आहे," त्या वडिलांना म्हणाल्या.

"पण बाईसाहेब, तिला भूकच लागत नाही."

"भूक भरपूर आहे. ती भुकेलाच भ्यायली आहे."

"मग औषध?"

"जेवण. आधी दूध, थोडं थोडं, दिवसातून पुष्कळ वेळा. एकदम पोट भराल तर जिवावर बेतेल. समोर बसून पाजा. रागवू नका आणि कौतुकही करू नका. उपास बंद, चूल बंद, लग्नाचं बोलणं बंद. बिछान्यातून उठू देऊ नका."

म्हणजे दुसरा तुरुंग. धाबळी काढून घेतली, स्वयंपाकघराचं दार बंद झालं आणि दिवसभर कोणी ना कोणी वाटी घेऊन समोर. दुधाचा प्रत्येक घोट मला हार वाटे. एकदा मी वडिलांना म्हटलं, "अण्णा, तुम्हीच तर आणल्यात त्या पुस्तिका. त्यांत काय लिहिलंय?"

"मी आणल्या," ते म्हणाले. "वाचल्या कुठे? मी आपला चहा पीत होतो."

आत्या परत गेली. काही दिवसांनी आई बाजूला बसली, तेव्हा वडिलांनी पिठलं-भात केला आणि ताट घेऊन माझ्यापाशी आले. डॉक्टरीणबाईंनी आता भाताला हरकत नाही म्हटलं होतं. त्यात तेल किती, ते मला माहीत नव्हतं. मी रांधलेलं नव्हतं. मला दरदरून घाम फुटला.

"नको."

"बरं," ते म्हणाले आणि बसून राहिले. भात गार झाला. कचेरीची वेळ टळली, तरी ते उठले नाहीत.

शेवटी मी घास घेतला. भूक लागली म्हणून नाही, पटलं म्हणूनही नाही. हा माणूस इथून हलणार नाही एवढं कळलं म्हणून. पिठल्यात गुठळ्या होत्या, मीठ जास्त झालं होतं. गिळताना रागाने रडू आलं. वडील खाली मान घालून दुसरा घास कालवू लागले.