चोरून नेलेलं रोपच लागतं

बजरंगलालजींच्या मते झाड मागून घेतलं तर लागत नाही, चोरून नेलं तरच लागतं. आमची ओळख झाली त्याच दिवशी त्यांनी मला हे सांगितलं. सांगताना त्यांच्या खिशातला ओला रुमाल ठिबकत होता आणि रुमालात अंबडच्या कोर्टाच्या आवारातून उडवलेली जास्वंदीची फांदी होती. मी त्याच कोर्टात सव्वीस वर्षं टायपिंग करून नुकताच रिटायर झालो होतो. म्हणजे चोर मुद्देमालासकट कोर्टाच्या माणसाच्या दारात उभा होता, आणि वर नव्या शेजाऱ्याला चहाला बोलावत होता.

मी मूळचा पिंपळगाव रेणुकाईचा. वडिलांनी जन्मभर कपाशी आणि मका केला. अशा घरातल्या माणसाला तेलाच्या डब्यातल्या चार मिरच्यांचं काय कौतुक असणार? मी त्यांच्या गच्चीला बिनधास्त हसायचो. दीडशे डबे, फुटक्या बादल्या, एक बाद झालेला कमोडसुद्धा, त्यात पुदिना. बायको चंदनबाई जाऊन बरीच वर्षं झालेली, कापडाचं दुकान विकलेलं, मुलगा मयंक पुण्याला नोकरीवर. घरात एकटा माणूस आणि गच्चीवर हे गोकुळ.

नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं, म्हणून ते टबात बसून अंघोळ करायचे आणि त्यातलं पाणी बादलीबादलीनं वर न्यायचे. वेलीला दुधी धरला की त्याच्याकडे बोट दाखवायचं नाही, दुधी कुजतो. मी एकदा विसरून बोट केलं, तर त्यांनी माझा हात धरून मूठ वळवली आणि म्हणाले, "आता दाखवा, कुठं हाय ते." जालन्याला कोणाच्या तरी मयतीला गेले होते, तिथं घरच्यांच्या गळ्यात पडून मनापासून रडले आणि येताना छत्रीत क्रोटनची फांदी घेऊन आले. दाढीचं पातं आणि ओला रुमाल घेतल्याशिवाय ते लग्नालाही जात नसत.

सगळ्यात गंमत अंड्यांची. घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद असा माणूस. पण गुलाबाला अंड्याची टरफलं मानवतात असं त्यांनी कुठंतरी वाचलं. त्या दिवशी ते आमच्याकडे येऊन तीन वेळा खाकरले आणि हळूच विचारलं, "तुमच्याकडं ती वस्तू निघते का?" तेव्हापासून मी टरफलं धुऊन, वाळवून, पेपरच्या पुडीत बांधून द्यायचो आणि ते ती पुडी चिमट्यानं धरून वर न्यायचे. डॉक्टरांनी मला अंडी कमी करायला सांगितली होती. बजरंगलालजींच्या गुलाबासाठी मी ती वाढवली.

हा गुलाब म्हणजे चैती गुलाब. साधा गुलाबी, वर्षातून एकदाच चैत्रात भरभरून फुलणारा, आणि वास असा की आमच्या स्वयंपाकघरात यायचा. चंदनबाईंनी तो राजस्थानातून, नागौरकडच्या माहेराहून आणला होता. त्याच्या फांद्या मात्र ते कोणाला चोरू देत नसत.

कारण चोरीलाही त्यांच्याकडे रीत होती. एखादं रोप तुम्हाला द्यावंसं वाटलं की ते फाटकाजवळच्या भिंतीवर डबा ठेवायचे आणि म्हणायचे, "मी आत चाय टाकतो." मग ते आत गेले की तुम्ही डबा उचलून चालू पडायचं. नंतर त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. काढलं तर रोप मान टाकतं. चोरीचा माल मालकाच्या नजरेसही पडू द्यायचा नाही. अशा रीतीनं गोकर्ण, गवती चहा, मोगरा असं काय काय माझ्या घरी आलं, आणि मला हसता हसता कधी नाद लागला ते कळलं नाही. "आपल्या घरात चोर पैदा झाला," असं माझी बायको उषा माझ्यासमोरच लोकांना सांगायची.

त्यांची एकच सवय मला भयंकर छळायची. रोज सकाळी सव्वादहाला ते रस्त्याकडच्या कठड्यावरच्या डब्यांना पाणी घालायला उभे राहायचे, आणि पाणी घालताना त्यांचं लक्ष डब्यात नसायचंच. डबे भरून वाहायचे आणि खाली लावलेली माझी स्कूटर भिजायची. पाण्याचा थेंब न् थेंब मोजणारा हा माणूस, आणि सव्वादहाला पाण्याची अशी नासाडी. मी ओरडलो की म्हणायचे, "वय झालं, रामकिसनजी, हात कापतो." कापत बिपत काही नव्हता. पात्यानं फांदी कापताना कसा कापत नव्हता?

त्यांना एक मुलगी आहे हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. एकता. मी तिथं राहायला येण्याच्या आदल्या वर्षी तिनं राजूरच्या भागवत नावाच्या मराठा मुलाशी लग्न केलं. बापानं सांगितलं, या घराचं फाटक तुला बंद. पोरगीही त्यांचीच, तिनं पुन्हा फाटकात पाऊल टाकलं नाही. या विषयावर ते बोलत नसत आणि मीही विचारलं नाही. ती दिसते कशी हेही मला माहीत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी, चैत्रात, संध्याकाळी त्यांच्या भिंतीवर मला एक डबा दिसला. चैती गुलाबाचं, चांगलं मुळं धरलेलं रोप. मी हरखलोच. म्हातारा शेवटी पाघळला, इतकी अंडी खाल्ली त्याचं चीज झालं. पहाटे उठून मी डबा उचलला आणि आमच्या मागच्या गच्चीवर, त्यांना दिसणार नाही असा ठेवला. त्याच दिवशी दुपारी ते आमच्याकडे डबाभर गुणे घेऊन आले. मारवाड्यांच्या घरी चैत्रात गणगौरीला, लेकीसुनांच्या सणाला, करतात तो गोड पदार्थ, त्यांनी बाजारातून आणलेला. चेहरा इतका खुललेला की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, चोरी मंजूर झाल्याची ही पावती. मी डोळे मिचकावले, त्यांनीही मिचकावले. रीतीप्रमाणे कोणीच काही बोललं नाही.

पुढच्या वर्षी गणगौरीच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा डबा. त्याच्या पुढच्या वर्षीही. दोन्ही मी नेले, दोन्ही वेळा गुणे खाल्ले.

यंदा फाल्गुन सरता सरता बजरंगलालजींच्या छातीत दुखायला लागलं. मयंक पुण्याहून आला आणि त्यांना जालन्याला दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी तब्येतीचं काही न सांगता आधी विचारलं, "मोगऱ्याला पाणी?" मी म्हटलं घातलं. मयंक औषधं आणायला बाहेर गेला तसं त्यांनी मला जवळ बोलावलं.

"एक काम करा, रामकिसनजी. मागच्या पायरीवर एक डबा हाय, चैती गुलाबाचा. परवा गणगौर. उद्या सांजेला तो भिंतीवर ठेवा, फाटकाजवळ."

"ठेवतो की. कोणासाठी?" मी थट्टेनं विचारलं. मला वाटलं, म्हणतील, आता चोराला का सांगू?

"एकतासाठी," ते म्हणाले. "शाळेत नोकरी हाय तिला इथं. जालन्याहून बसनं येती, सव्वादहाला आपल्या गल्लीतनं जाती. वर बघत न्हाई. पण तीन साल झाले, रोप बराबर नेती. सकाळी बघतो तर डबा गायब. तिच्या मायचं झाड हाय, तिच्याबिगर कोणाला देणार?"

माझ्या मागच्या गच्चीवर ते तिन्ही डबे ओळीनं उभे होते.

"नेती म्हणजे तिच्या मनातलं गेलं असंल ना सगळं? यंदा मी ठरवलं व्हतं. डबा भिंतीवर ठेवायचा अन् फाटक उघडून खाली उभं राह्यचं. बघू म्हणलं, मंग कशी जाती." ते हसले, आणि हसताना त्यांना धाप लागली. "ती नेती ना, रामकिसनजी? तुमच्या वसरीतनं दिसत असंल तुम्हाला."

मी म्हटलं, "हो. नेते की. मी बघतो ना दरवर्षी."

त्या शब्दांची मला आजही लाज वाटते. पण त्या वेळी दुसरं काय बोलायचं होतं? झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण ओढून घ्यायचं?

गणगौरीच्या आदल्या संध्याकाळी मी डबा भिंतीवर ठेवला. सकाळी उठून पेपर घेऊन रस्त्याकडच्या वसरीत बसलो. तीन वर्षांचा चोर आता राखणदार झाला होता. सव्वादहाला ती आली. तिशीची, खांद्याला पर्स, हातात निळी छत्री. फाटकापाशी तिची चाल कमी झाली. तिनं वर गच्चीकडे पाहिलं, रिकाम्या कठड्याकडे. ती वर बघत नाही म्हणे! ती फाटकाशी आली की हे मान डब्यात घालत असणार, आणि नेमकी तेव्हाच ती वर बघत असणार. भिंतीकडे मात्र तिचं लक्षच गेलं नाही. ती निघून गेली.

हाक मारायला हवी होती. वडील दवाखान्यात आहेत हे तिला माहीत नव्हतं. मयंकनंही कळवलं नव्हतं, पप्पांना विचारल्याशिवाय कसं कळवू म्हणून. पण हाक मारली की पुढचं सगळं सांगावं लागणार होतं, माझ्या मागच्या गच्चीवरच्या तीन गुलाबांसकट. मी स्वतःला समजावलं, उद्या नेईल. तिनं आपणहून नेलं की म्हाताऱ्याचं म्हणणं खरं होईल, आणि मीही सुटेन.

उषा म्हणाली, "जाऊन सांगा तिला. चोर म्हणंल तर म्हणू द्या. चोर तर हायेतच तुम्ही."

"उद्या सांगतो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशीही ती आली, वर पाहिलं, गेली. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मयंकचा फोन आला. बजरंगलालजी गेले.

मयंकनं तेव्हा कुठं बहिणीला कळवलं, आणि एकता आली ती बापाला अंगणात आणून ठेवल्यावर. सात वर्षांत पहिल्यांदा फाटकाच्या आत. भिंतीवरचा डबा तिच्या कोपराला लागला आणि हलला. मी पुढं होऊन तो सावरला. तिच्याकडे पाहण्याची माझी हिंमत झाली नाही.

बारा दिवस झाल्यावर मी तिला घरी बोलावलं आणि मागच्या गच्चीवर नेलं. तिन्ही गुलाब फुललेले होते. मी सगळं सांगितलं. कोर्टात माणसं जबानी देतात तसं, काही न लपवता. तुझे वडील तुझ्यासाठी ठेवायचे, मी न्यायचो, त्यांना वाटायचं तू नेलंस. त्या आनंदात ते मला गुणे आणून द्यायचे आणि मी खायचो.

ती म्हणाली, "दुसऱ्या गल्लीतनं शाळा जवळ पडती, काका. मी मुद्दाम हिकडून यायचे. ते सव्वादहाला पाणी घालत उभे असायचे. वाटायचं, मलाच बघायला उभे हायेत. मंग वाटायचं, न्हाई, झाडंच बघून राह्यलेत."

बजरंगलालजींनी शिकवलेलं एकच वाक्य तोंडात आलं. "मी आत चहा टाकतो," म्हटलं आणि खाली आलो. मुद्दाम वेळ लावला. दोनदा उकळी आणली. म्हटलं, तिन्ही डबे घेऊन जाऊ दे, मला न सांगता जाऊ दे.

वर आलो तर तिन्ही डबे जागच्या जागी, आणि ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसून रडत होती.

"मला चोरून न्हाई न्यायचं, काका," ती म्हणाली. "त्यांनी हातात द्यायला पाह्यजे होतं."

मी कप ठेवले आणि खाली गेलो. बजरंगलालजींच्या भिंतीवर तो चौथा डबा अजून होता, बारा दिवस मीच त्याला पाणी घालत होतो. तो घेऊन जिना चढलो आणि तिच्या ओंजळीत दिला. "ते म्हणायचे, हातानं दिलेलं लागत नाही."

"न लागू द्या," ती म्हणाली, आणि डबा पोटाशी धरून गेली. चहा तसाच राहिला.

आता गच्ची मयंकच्या सांगण्यावरून मी बघतो. सव्वादहाला कठड्यावरच्या डब्यांना पाणी घालतो. ती शाळेला जाताना वर बघते, मी हात करतो, आणि पाणी खाली माझ्याच स्कूटरवर पडतं.

श्रावणात एके दुपारी तिचा फोन आला. "काका, गुलाबाला फुटवा आला. चार कोंब हायेत, लालसर."

"अरे वा. लागला म्हणजे."

"हो. लागला." मी फोन ठेवणार होतो.

"काका," ती म्हणाली, "मंग पप्पांनी हातात दिला असता, तरी लागला असता ना?"

"हो पोरी," मी म्हटलं. "लागला असता."