नंदनवनातला समुद्र आणि हिरवा अमोनिया

हसा, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. माझ्या हुशारीपायी दोन मुक्या जिवांना चार दिवस उपास घडलाय!

माझी लेक ऋतू पुण्याला शिकायला गेली आणि तिची खाऱ्या पाण्याची टाकी माझ्या गळ्यात मारून गेली. आता नागपुरात, आमच्या नंदनवन कॉलनीत, समुद्र कुठला? पुड्यातलं मीठ कालवायचं, आपला समुद्र आपणच करायचा! त्यात दोन नारिंगी मासे. पोरीचा जीव की प्राण.

"आई, पाण्यात अमोनिया वाढला की मासे गेलेच समज. तपासत जा."

तपासायचं म्हणजे काय, नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, थोडं थांबून रंग बघायचा. पिवळा म्हणजे ठीक. हिरवा म्हणजे अमोनिया. रंगांचा तक्ता मी हरवीन म्हणून तिने टाकीशेजारी भिंतीवरच चिकटवला होता. ओळखते ना मला!

मे महिना आला. खिडकीत कूलर बसला, हॉलमध्ये अंधार. मग मी नळी घेऊन अंगणात गेले, जाळीच्या सावलीत उभं राहून मोबाइलवर फोटो काढला, आत येऊन तक्त्याशी जुळवला.

हिरवा! चांगला पोपटी!

फोटो पुण्याला गेला. लगेच फोन.

"बाप रे! अर्धं पाणी बदल. आणि खायला देऊ नकोस!"

बदललं. हिरवा. परत बदललं. परत हिरवा! बादल्या वाहून माझी कंबर गेली. मासे काचेला तोंड लावून माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, शेवटचं बघून घेतायत.

सासूबाई दारात बसून सगळं बघत होत्या. त्या उमरेडच्या विणकरांच्या घरातल्या, निम्मा जन्म सूत रंगवण्यात गेलेला.

"काहून वं, रंग असा पाहतेत का?"

"तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना नाही झाला," मी म्हटलं. "तुम्ही आराम करा. हे सायन्स आहे."

काय तो माझा तोरा!

चौथ्या दिवशी ऋतू परीक्षा तोंडावर असताना बस पकडून घरी हजर. डोळे सुजलेले. मी अंगणात नळी वर धरली. हिरवीगार. पोरीने हुंदका दिला.

तेवढ्यात सासूबाई उठल्या, माझं मनगट धरलं आणि मला फाटकाबाहेर भर उन्हात ओढत नेलं.

"आता पाह्य!"

पिवळं! लिंबासारखं पिवळं!

"सुताच्या लडीचा रंग कधी मांडवाखाली पाहतेत का वं? वर पाह्य जरा!"

वर काय? उन्हाळ्यासाठी मीच हौसेने अख्ख्या अंगणावर ताणून घेतलेली जाळी. हिरवी!

"तिच्याखाली तं तूबी हिरवीच दिसून राहिली होती. तुलेबी उपाशी ठेवू का?"

ऋतू रडता रडता हसत सुटली. धावत जाऊन तिने माशांना दाणे टाकले, तर ते असे तुटून पडले की विचारू नका. मग भिंतीवरचा तक्ता काढून तिने सरळ आजीच्या हातात दिला.

"आजपासून रंग आजी बघणार."

"आणि मी?"

"तू नको."

इतकं वाईट वाटलं! म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला उन्हात उभं करतोय, निदान डोक्यावर छत्री तरी धरावी. लगबगीने आत गेले, छत्री आणली, सासूबाईंच्या डोक्यावर उघडली.

आजी-नात दोघी आधी छत्रीकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

छत्री पोपटी होती.